‘किरकोळ’ क्रिया आणि बालकाची वेदना : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
खेळताना पडून मनगटाचे हाड मोडलेले मूल रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आणले जाते. हाड बसविणे, प्लास्टर घालणे, हाडातील तार काढणे या क्रिया वैद्यकीय व्यवहारात ‘किरकोळ’ समजल्या जातात. हा किरकोळपणा क्रियेस लागणाऱ्या वेळेवरून ठरतो, मुलाला होणाऱ्या वेदनेवरून नव्हे. वेदनाशमनाची साधने हाती असूनही ती बालकांपर्यंत उशिरा का पोहोचली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भूलशास्त्राची वाटचाल :
१८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग झाला आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात ईथर वापरले गेले. १८४७ मध्येच सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्याच्या सुरक्षिततेचा वाद सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या हैदराबाद संस्थानात गाजला. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये तेथे दोन क्लोरोफॉर्म आयोगांनी काम केले. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाआधी श्वसन थांबते, हा त्यांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. १९११ मध्ये लेव्ही यांनी हृदयावरील थेट धोका प्रयोगाने दाखविला. पूर्ण भूल अशी जोखमीची असताना अल्पकाळच्या क्रियेसाठी ती टाळली जाणे समजण्याजोगे होते. हाडवैद्याकडे असो वा दवाखान्यात, मुलाला घट्ट धरून ठेवणे हाच सोपा उपाय ठरला.

ही अडचण विसाव्या शतकात ओसरली. १९०८ मध्ये ऑगस्ट बिअर यांनी शिरेतून केवळ हात वा पाय बधिर करण्याची पद्धत मांडली. १९४३ मध्ये लिडोकेन तयार झाले. म्हणजे १९६३ मध्ये सोलापुरात वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा स्थानिक बधिरीकरण ही नवलाई उरली नव्हती. १९७० मध्ये केटामिनलाही अमेरिकेत मान्यता मिळाली.

साक्ष नसलेली वेदना :
उरला तो समजुतीचा अडसर. तान्ह्या मुलांना वेदना फारशी जाणवत नाही, ही धारणा १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही प्रबळ होती. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे संशोधक के. जे. एस. आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फेंटानिल दिलेल्या अर्भकांच्या शरीरावरील ताण लक्षणीयरीत्या कमी आढळला. त्यानंतर वेदना मोजण्याच्या पद्धती रूढ झाल्या. १९९७ च्या ‘फ्लॅक’ मापनात चेहरा, पाय, हालचाल, रडणे व शांत होणे हे पाच घटक पाहिले जातात. २००१ च्या सुधारित चित्रमापनात मूल सहा चेहऱ्यांपैकी एकाकडे बोट दाखविते.

मराठी, कन्नड व तेलुगू या तिन्ही भाषा नांदणाऱ्या सोलापुरात या चित्रांचे मोल विशेष आहे. डॉक्टरांची भाषा न येणाऱ्या मुलालाही चेहरा दाखविता येतो. साखरेचे द्रावण, स्तनपान, आईची मांडी ही साधनेही तान्ह्यांसाठी उपयुक्त ठरली आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही. अर्थात ती बधिरीकरणाला पूरक आहेत, पर्याय नव्हेत.

समारोप :
भूलशास्त्राचा इतिहास हा औषधांच्या शोधाचा इतिहास म्हणून शिकविला जातो. बालकांच्या बाबतीत मात्र औषध आधी आले आणि वेदनेची दखल नंतर घेतली गेली. दोहोंमधील अंतर अनेक दशकांचे आहे. म्हणून एखादी क्रिया किरकोळ ठरविण्यापूर्वी ती कोणाच्या दृष्टीने किरकोळ, हा प्रश्न वैद्यकाच्या अभ्यासकाने आणि इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारणे अगत्याचे ठरते.