गाय पिसाळली होती का? मेंदूतल्या प्रथिनाची गोष्ट

माण, खटाव, आटपाडी, जत हा खिलार जनावरांचा मुलूख. इथे गाय चारा सोडते, लाळ गाळते, घोगऱ्या आवाजात हंबरत राहते, तेव्हा घरचा माणूस काय करतो? घशात काही अडकलं असेल म्हणून तोंडात हात घालतो. चार-सहा दिवसांत जनावर दगावतं आणि मग घरदार दवाखान्यात येऊन विचारतं, गाईला रेबीज होता का?

या प्रश्नाचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची सोय १९०३ साली झाली. इटलीत आडेल्की नेग्री यांना पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूपेशींत बारीक गोल ठिपके दिसले. त्यांना ते परजीवी वाटले. ती समजूत चुकीची निघाली, पण ठिपके खरे होते. ते विषाणूच्या प्रथिनांचे साठे. पुढची पन्नासेक वर्षं प्रयोगशाळा हेच ठिपके शोधत होत्या. अडचण अशी, की रेबीज झालेल्या अनेक जनावरांत ते सापडतच नाहीत. १९५८ मध्ये गोल्डवॉसर आणि किसलिंग यांनी वेगळी युक्ती केली. विषाणूच्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडं घेऊन त्यांना चमकणारा रंग जोडला. मेंदूचा ठसा काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर ही प्रतिपिंडं सोडायची. प्रथिन असेल तर हिरवी चमक दिसते. निकाल काही तासांत.

‘मॅड काऊ’ची भीती आपल्याकडेही पेपरांतून पोचली होती. ब्रिटनमध्ये १९८६ साली ओळखल्या गेलेल्या त्या आजारात विषाणू नसतोच, गाईचं स्वतःचंच प्रथिन चुकीच्या घडीत जातं. तपासताना प्रथिन पचवणारं विकर टाकतात. निरोगी प्रथिन विरघळतं, बिघडलेलं उरतं. भारताला २०१० मध्ये या आजाराचा ‘नगण्य धोका’ असा दर्जा मिळाला. आपल्या गोठ्यातली खरी काळजी रेबीजचीच.

दोन्ही चाचण्यांना मेंदू लागतो, म्हणजे जनावर मेल्यावरच. १९९६ मध्ये मणक्यातल्या पाण्यात ‘१४-३-३’ नावाचं प्रथिन सापडलं तेव्हा आशा वाटली होती. पण ते मेंदूपेशी मरताहेत एवढंच सांगतं, कशामुळे ते नाही.

म्हणून शंका असेल तर पुरण्याआधी पशुवैद्यकांना कळवा. हात घातलेल्या माणसाने मात्र निकालाची वाट पाहू नये. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं हात धुवावेत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हाताला चिरा, ओरखडे असतील तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. उकळलेलं दूध प्यायलेल्यांना इंजेक्शनची गरज नाही.