वीज, करार आणि वहीखाते : दाभोळ व कमलपूर यांचा तुलनात्मक विचार

महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा शेतकऱ्याच्या नागवणुकीचे एक साधन म्हणून त्यांनी दप्तराकडे बोट दाखविले होते. ज्या कागदाचा अर्थ शेतकऱ्याला लागत नाही, तोच कागद त्याच्यावर सत्ता गाजवितो, हे त्यांच्या विवेचनाचे एक मर्म होय. पुढील शतकाच्या अखेरीस सारा आणि कर्ज यांच्या जोडीला विजेचा हिशेब आला. परंतु हिशेब कोणाला वाचता येतो, हा प्रश्न तोच राहिला. १९९० च्या दशकात भारताच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवर उभ्या राहिलेल्या दोन वीजप्रकल्पांची तुलना या दृष्टीने उद्बोधक ठरते.

पहिला प्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातला. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या दाभोळ पॉवर कंपनीशी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असे मत जागतिक बँकेने त्याच वर्षी कळविले होते. १९९५ मध्ये नव्या राज्य सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये फेरवाटाघाटींनंतर तो अधिक विस्तृत रूपात पुन्हा स्वीकारला. कराराची रचना समजून घेतली म्हणजे पुढील अनर्थाची संगती लागते. मंडळाने वीज घेतली अथवा न घेतली, तरी प्रकल्पाच्या उपलब्ध क्षमतेपोटी स्थिर आकार देणे बंधनकारक होते. इंधनाच्या दरातील आणि डॉलरच्या विनिमयदरातील वाढीचा भारही ग्राहकावरच पडत होता. साहजिकच, जितकी वीज कमी घेतली जाई तितका प्रत्येक युनिटचा भाव वाढत असे. सामान्य ग्राहकाच्या बिलावर परिणाम करणारा हा करार मात्र दीर्घकाळ त्याच्या नजरेआड राहिला. पुण्याच्या ‘प्रयास’ या अभ्यासगटाने त्यातील आकड्यांची चिकित्सा केली, ती एका अर्थाने बंदिस्त संहितेचे वाचनच होती. येथे शब्दही निरागस नव्हते. प्रकल्पाची घडी बसविण्यासाठी आणि भारतीयांच्या ‘शिक्षणा’साठी सुमारे २ कोटी डॉलर खर्च झाल्याचे कंपनीच्या वतीने १९९५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगण्यात आले, तेव्हा ‘शिक्षण’ या शब्दाचा अर्थच वादाचा विषय झाला.

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, मे २००१ मध्ये, मंडळाने वीज घेणे थांबविले. तत्पूर्वी एप्रिलमध्ये माधव गोडबोले समितीने या व्यवहारातील शासकीय निर्णयप्रक्रियेवर कठोर ठपका ठेवला होता. २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला. भविष्यात अपेक्षित असलेला नफा आजच जमेस धरणे आणि कर्जे संलग्न संस्थांच्या नावे ताळेबंदाबाहेर ठेवणे, या तिच्या पद्धती तेव्हा उघड झाल्या. १९९७ ते २००० या काळातील नफा सुमारे ५८ कोटी ६० लाख डॉलरांनी घटवून दाखविण्याची वेळ तिच्यावर आली. म्हणजे जे वहीखाते गुहागरच्या ग्रामस्थाला वाचता येत नव्हते, ते तिच्या भागधारकांनाही वाचता आलेले नव्हते.

दुसरे उदाहरण बंगालच्या सुंदरबनातील सागर बेटाचे. दाभोळचा करार नव्याने लिहिला जात होता त्याच १९९६ साली या बेटावरील कमलपूर गावी पश्चिम बंगालच्या अपारंपरिक ऊर्जा यंत्रणेने २६ किलोवॉटचे सौर वीजकेंद्र सुरू केले. मुख्य भूमीवरून नदी ओलांडून तारा नेणे तेव्हा परवडणारे नव्हते. संध्याकाळचे काही तास वीज मिळे. दिव्यांच्या संख्येनुसार ठरलेली मासिक रक्कम घेतली जाई आणि व्यवस्थेत लाभार्थींच्या सहकारी संस्थेचा सहभाग होता. किती दिवे आणि किती पैसे, हा हिशेब कोणत्याही घरातील माणसाला तोंडी मांडता येत होता.

अर्थात, या तुलनेतून ‘लहान ते सुंदर’ असा भाबडा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. कमलपूरचे भांडवल शासकीय अनुदानातून आले होते. मासिक वर्गणीतून ते उभे राहणे शक्य नव्हते. बॅटऱ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात आणि तो खर्च कोणी करावयाचा, या प्रश्नावर अनेक ग्रामीण सौरयोजना अडखळल्या आहेत. सूर्यप्रकाश फुकट असला तरी वीज फुकट नसते. ऊर्जेचा स्रोत स्वच्छ असला म्हणून तिचा हिशेब आपोआप स्वच्छ होत नाही.

२००३ च्या विद्युत अधिनियमाने अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वितरित करणाऱ्यास परवान्याच्या अटीतून सूट दिली. त्यामुळे लहान प्रकल्पांचा मार्ग सुकर झाला. पण परवान्याबरोबर येणारी नियामक देखरेखही तेथे विरळ झाली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. तिच्यातील वीजखरेदीचे करार दीर्घ मुदतीचे असतात. जमीन गावची, वीज शेतीपंपाला आणि करार मात्र कंपनीशी, अशी तिची रचना आहे. दाभोळचा अनुभव येथे प्रस्तुत ठरतो. जो कागद एका पिढीला बांधून घेतो, तो ग्रामसभेत, गावच्या भाषेत, मोठ्याने वाचून दाखविता आला पाहिजे. दप्तर वाचता येणे ही फुल्यांच्या काळी मुक्तीची पूर्वअट होती. विजेच्या बाबतीत ती आजही पूर्ण व्हावयाची आहे.