नावेचा दिवा कोणासाठी?

१/ नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयात अंधार पडल्यावर होडी किंवा कयाक घालणाऱ्याला दिवा कशासाठी हवा? वाट दिसावी म्हणून, असे आपण सहज म्हणू. इतिहासाचे उत्तर निराळे आहे.

२/ आगबोटी वाढल्या, तशा रात्रीच्या टकरीही वाढल्या. म्हणून ब्रिटनने १८४८ मध्ये आगबोटींना डावीकडे तांबडा व उजवीकडे हिरवा दिवा सक्तीचा केला. समोरच्याला नावेचा रोख कळावा, हा त्यामागील हेतू.

३/ १८८१ मध्ये गुस्ताव त्रूवे यांनी पॅरिसच्या सीन नदीवर बॅटरीची होडी चालवली. वीज लहान नावेत उतरली.

४/ १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतील २५ वा नियम वल्ह्याच्या होडीला सवलत देतो. बाजूचे दिवे नसले तरी चालेल. मात्र पांढऱ्या उजेडाची विजेरी वा कंदील हाताशी हवा, आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवला पाहिजे.

५/ हा नियम समुद्राचा. गोदावरीच्या जलाशयाचा नव्हे. त्यातील शहाणपण मात्र येथेही लागू पडते. शोभेच्या तांबड्या-हिरव्या पट्ट्या भलताच रोख सांगतात. डोळ्यांसमोरचा झगझगीत दिवा वल्हवणाऱ्यालाच आंधळे करतो. पाठीमागे काठीवर एक पांढरा दिवा आणि पाणी न शिरणाऱ्या डबीत बॅटरी, एवढे पुरे. नावेवरचा दिवा आधी समोरून येणाऱ्यासाठी असतो.