नारळी पौर्णिमा

नारळी पौर्णिमा : श्रावण शुद्ध पौर्णिमेस महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर, विशेषतः कोळी समाजात, साजरा होणारा सागरपूजेचा सण. श्रावणी व रक्षाबंधन हे विधी याच तिथीस येतात. तथापि या सणाचे मूळ ऋतुचक्रात व दर्यावर्दी जीवनात आढळते.

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जूनपासून अरबी समुद्र खवळतो. शिडाच्या होड्यांच्या काळी मासेमारी व किनाऱ्यालगतची व्यापारी वाहतूक त्या अवधीत थांबे. श्रावणात वाऱ्याचा जोर ओसरू लागला, म्हणजे समुद्रास नारळ अर्पण करून होड्या पुन्हा पाण्यात लोटीत. ऋतुबदलाबरोबर कामाचा हंगाम सुरू करणारे असे सण अन्यत्रही होते. आयर्लंडमधील प्राचीन केल्टिक लोक १ मेच्या सुमारास, बेल्टेन सणाच्या वेळी, गुरांना दोन अग्नींमधून नेत व नंतर उन्हाळी कुरणांत सोडीत. उपजीविकेचा आरंभ रक्षणविधीने करावा, ही कल्पना दोन्ही सणांत समान आहे.

कोळी हे मुंबई बेटांचे प्राचीन रहिवासी होत. वरळी, माहीम, शिवडी, कुलाबा इ. ठिकाणी त्यांचे कोळीवाडे आहेत. सणाच्या दिवशी होड्या रंगवून पताकांनी सजवितात. सोनेरी कागदाने मढविलेला नारळ मिरवणुकीने वाजतगाजत किनाऱ्यावर नेऊन समुद्रात सोडतात. शास्त्रानुसार ही पूजा वरुणाची. कोळी मात्र दर्यालाच देव मानतात. दर्यावर गेलेला घरधनी सुखरूप परतावा, ही स्त्रियांच्या प्रार्थनेमागील भावना असते. नारळीभात व नारळाच्या करंज्या ही या दिवसाची पक्वान्ने होत. नारळावर नारळ आपटून फोडण्याचा खेळही खेळतात. गिरगाव व दादर येथील चौपाट्यांवर इतर समाजांतील लोकही नारळ अर्पण करतात.

यांत्रिक नौकांचा प्रसार झाल्यावर मासेमारीचा हंगाम शासकीय आदेशांनी ठरू लागला. महाराष्ट्रातील पावसाळी मासेमारीबंदी पूर्वी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जो दिवस आधी येईल, तोपर्यंत असे. मत्स्यप्रजननाचे रक्षण हा तिचा एक प्रमुख हेतू होय. केंद्र शासनाने २०१५ मध्ये पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा काळ ठरविला. बिगरयांत्रिक होड्या तीतून वगळण्यात आल्या. पौर्णिमा मात्र चांद्र कालगणनेनुसार येते : २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला, तर अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये ३० ऑगस्टला आली. त्यामुळे काही वर्षी पूजेआधीच यांत्रिक नौका समुद्रात गेलेल्या असतात. बंदी नारळी पौर्णिमेपर्यंत असावी, ही पारंपरिक मच्छीमारांची मागणी या तफावतीतून पुढे आली. पूर्वजांनी पाळलेल्या या तिथीत समुद्राला विसावा देण्याचा व्यवहारही सामावलेला होता, असे त्यावरून दिसते.