साखरेच्या फोडीचे समीकरण

तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की साखर उतारा घटतो, हे उदगीर तालुक्यात तोंडारच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. उसातले इन्व्हर्टेझ हे एन्झाइम सुक्रोजची फोड करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवते. पेशीतल्या रेणूंचे व्यवहार गणितात मांडण्याची सुरुवात याच एन्झाइमवरून झाली. फक्त ते यीस्टमधले होते.

ही फोड प्रकाशावरून मोजता येते: सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, फोड झालेले मिश्रण डावीकडे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत ‘पोल’ (साखरेचे प्रमाण) काढतात तो याच गुणावर. १९०२ मध्ये एड्रियन ब्राउन यांना आढळले, की साखर भरपूर असली तर ती आणखी वाढवून फोडीचा वेग वाढत नाही. साखर एन्झाइमला चिकटते, आणि सगळे एन्झाइम गुंतले की उरलेली साखर खोळंबते. पॅरिसमध्ये व्हिक्टर आंरी यांनी १९०३ मध्ये याचे समीकरणही लिहिले. श्रेय मात्र त्यांना फारसे मिळाले नाही, आणि हा थोडा अन्यायच. त्यांनी आम्लता स्थिर ठेवली नव्हती; शिवाय नुकत्याच सुटलेल्या ग्लुकोजचे वळण ११२ अंशांवरून हळूहळू ५३ च्या आसपास उतरते, तेही हिशेबात धरले नव्हते.

१९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिकाएलिस आणि कॅनडाच्या मॉड मेंटेन यांनी दोन्ही उणिवा भरून काढल्या. आम्लतेसाठी बफर वापरले. ठरावीक वेळाने नमुना काढून त्यात अल्कली घातली. तिने एन्झाइमही थांबते आणि ग्लुकोजचे वळणही लगेच स्थिरावते. ही युक्ती समीकरणाच्या तोडीची आहे. लिटरला सुमारे ५.७ ग्रॅम साखर असताना वेग कमाल वेगाच्या निम्मा, असे त्यांच्या आकड्यांतून निघते.

१९२५ मध्ये ब्रिग्ज आणि हाल्डेन (पुढे भारताचे नागरिक झालेले) यांनी समीकरणाला अधिक व्यापक आधार दिला: साखर-एन्झाइमची जोडी जेवढ्या वेगाने जुळते तेवढ्याच वेगाने सुटते, एवढे मानले तरी पुरते. पुढे एका पायरीचे उत्पादन दुसरीचा कच्चा माल धरून अशी समीकरणे जोडली गेली आणि पेशीतल्या अख्ख्या प्रक्रिया संगणकावर आल्या.

पण ही समीकरणे असंख्य रेणूंच्या सरासरीवर चालतात. पेशीत एखाद्या जनुकाच्या एक-दोनच प्रती असतात. तिथे योगायोगाला महत्त्व येते. डॅनियल गिलेस्पी यांच्या १९७७ च्या पद्धतीत पुढची अभिक्रिया कोणती आणि किती वेळाने, हे दर वेळी फासे टाकून ठरते. त्यात संगणकाचा वेळ फार जातो. म्हणून मोजक्या रेणूंसाठी फासे आणि मुबलक रेणूंसाठी समीकरणे, अशी सरमिसळही केली जाते.