अर्जांची चाळण

अकोल्याहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मेडशीसारख्या वऱ्हाडी गावातील रयतेची फिर्याद वरिष्ठांच्या कानी पडण्यापूर्वी तिला किती उंबरठे ओलांडावे लागत, हे पाहू गेल्यास निरर्थक तक्रारी खालच्या खाली गाळून हाकिमांचा भार हलका करण्याचा खटाटोप किती जुना आहे, हे ध्यानी येते. पहिला उंबरठा अर्थातच पाटलाचा. पेशव्यांच्या मुलखाविषयीच्या १८१९च्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने नमूद केले आहे की, तंटा प्रथम पाटलाने समजुतीने मिटवावा, न मिटल्यास पंचायत बसवावी, आणि त्यानंतरच मामलेदाराने त्यात लक्ष घालावे, असा तिकडे प्रघात होता. पाटलास माणसे ठाऊक असत, हा या व्यवस्थेचा गुण. आणि तक्रार खुद्द पाटलाविरुद्धच असली म्हणजे तोच तिचा दोष.

१८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्यांच्या अंमलात माणसांच्या पारखीची जागा हळूहळू कागदाने घेतली. १८७०च्या कोर्ट फी कायद्याने न्यायासनापुढील किरकोळ अर्जासही सामान्यतः आठ आण्यांचे तिकीट लागे. ते रद्द करताना त्यावरील मुखाकृती भोक पाडून काढावी, किमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवावा, असा दंडक होता. सरकारी जमाखर्चाची ही दक्षता वाखाणण्याजोगी खरीच; परंतु आठ आण्यांची चाळणी अर्जाचे सत्य न पाहता अर्जदाराची गाठ पाहत असे, आणि खोडसाळ सावकार तीतून सहज पार होऊन खरे गांजलेले कूळ मागे अडकत असे. अंतराचा जाच निराळाच. १९०५मध्ये बाशीम (म्हणजेच वाशीम) जिल्हा मोडून बाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास जोडले गेले, तेव्हा तेथील रयतेला जिल्ह्याची कचेरी दुरावली. ती वाशीमला परत आली १ जुलै १९९८ रोजी.

जे अर्ज गाळले गेले त्यांची नोंद बहुधा कोठेच राहिली नाही. पाटलाने तोंडी परतविलेली फिर्याद अथवा तिकिटाअभावी लिहिलीच न गेलेली कैफियत कोणत्या दप्तरात सापडणार? माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेचे खरे वैगुण्य हेच. हल्ली जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन भरतो. तेथेही न्यायप्रविष्ट आणि सेवाविषयक प्रकरणे आरंभीच वगळली जातात, आणि कामाचा रेटा पाहता ते गैरही नाही. अर्जदाराने मात्र अर्ज कोठेही दिला तरी तारीख-शिक्क्यानिशी पोच घेतल्याखेरीज कचेरीची पायरी उतरू नये.