मेंढ्यांचे जंत व औषधींची नावे

मेंढ्यांच्या जंतांवरील वनौषधींचा इतिहास लिहिताना नावांचा पुरावा जपून वापरावयास हवा. चरकसंहितेत कृमिघ्न द्रव्यांचा एक गणच सांगितला असून त्यात विडंग, म्हणजे आपले वावडिंग, येते. पळसपापडीची ख्यातीही याच गुणासाठी आहे. किरमाणी ओव्याच्या नावात 'कृमी' ऐकू येतो खरा. परंतु ते नाव इराणातील किरमान प्रांतावरून आलेले होय. (फारसी 'किर्म' हा मात्र 'कृमी'चा भाऊबंदच.) या ओव्याच्या जातीतील एका वनस्पतीपासून १८३० साली सँटोनीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते माणसाच्या आतड्यातील लांबट गोल जंतांवर गुणकारी ठरले. मेंढीचा मोठा वैरी निराळा : जठराच्या चौथ्या कप्प्यात राहून रक्त शोषणारा हिमाँकस. 'जंत' या एकाच शब्दाखाली दोघेही मोडतात, आणि एकाचे औषध दुसऱ्यालाही लागू पडेल असा समज त्यामुळे सहज होतो. १९६१ मध्ये थायाबेंडाझोल आले; १९६४ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली. पुढे वनस्पतींकडे पुन्हा लक्ष वळले. या जुन्या कृमिघ्नांची परीक्षा आता मेंढीच्या लेंडीतील अंडी मोजून केली जाते.